लॉर्कननं खालचा चेंडू का मागितला

तीर्थस्वरूप मॅलकी मामांना भाचा अ‍ॅम्ब्रोझ याचा युटिकाहून वाकून नमस्कार. (लांबूनच बरा. जवळ असतो तर तुमचा हात माझ्या कानापर्यंत पोचला असता.) मामींचे गुडघे कसे आहेत? कारखान्यातली पिंपं गळत नाहीत ना? माझी तब्येत ठणठणीत आहे. अक्षर कोंबडीनं चालल्यासारखं दिसेल, पण तो दोष खाणावळीतल्या टाकाचा. आमच्या मालकीणबाई जुनी वस्तू टाकत नाहीत, मग तो टाक असो की रविवारची कोबी. ती आम्ही गुरुवारपर्यंत खातो.

मुद्द्यावर येतो. (मध्ये दोनदा खिडकीशी जाऊन आलो. एका जागी बसवत नाही.) शनिवारचा सामना आमच्याकडून हरून आल्यापासून तुम्ही लॉर्कनशी बोलत नाही, असं मामींनी कळवलंय. पोटचा पोरगा, तुमच्या कोहोज गावचा सगळ्यात दांडगा बॅटवाला, आणि ऐन वेळी त्यानं पंचाला सांगितलं, खालचा चेंडू द्या. सगळं गाव म्हणतंय, पोरगा घाबरला. मामा, घाबरलो होतो मी.

झालं असं की आमच्या युटिकाच्या बेसबॉल क्लबाला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, मी एकटा. उन्हाळाभर मीच फेकायचं, पाऊस पडला तरच सुट्टी. जुलैत उजवा खांदा रुसला. कमरेखालचा चेंडू अजून झकास जायचा, पण वरचा फेकायला गेलो की अशी कळ यायची की चेंडू ताटात वाढल्यासारखा बॅटपुढे जाऊन पडायचा. आणि आपल्या खेळात तर गिऱ्हाईक देव: बॅटवाला वरचा मागेल तर वरचा द्या, खालचा मागेल तर खालचा. (हा नियम काढणारा नक्की खाणावळवाला असणार.) आमचे मॅनेजर प्रुइटसाहेब मूळचे शवपेट्यांचे व्यापारी, त्यामुळे माणूस संपत आला की त्यांना लांबूनच वास येतो. एल्मायराचा एक पिचर त्यांनी हेरूनच ठेवला होता. शनिवारी हरलो असतो तर रविवारी माझं गाठोडं रस्त्यावर.

खांद्याचं गुपित फक्त माझे चेंडू झेलणाऱ्या आमच्या कॅचरला ठाऊक, ऑगस्ट त्याचं नाव. बेकरीवाल्याचा मुलगा, बोटं सगळी मोडून वाकडी झालेली, पण जीभ सरळ. तो म्हणाला, तू खालचेच टाक, ते मागतील अशी व्यवस्था मी करतो. आणि बॅटवाल्यांच्या पाठीमागे बसून सुरू झाला. तुमच्या ताडमाड मॅक्ग्रॉर्टीला म्हणाला, "वरचाच माग बाबा, वाकायला कंबर लागते." बुटक्याला म्हणाला, "तुला वरचा हवा? थांब, स्टूल आणतो." झालं! एकेक पठ्ठ्या इरेला पेटून ओरडायचा, "खालचा! खालचाच द्या!" आणि तोंडावर पडायचा. (पंच दोनदा हसला. त्याचं वागणं मला बरं दिसलं नाही.)

शेवटी आम्ही एका धावेनं पुढे, त्यांचे दोघे बाद, तिसरा गेला की सामना खलास, दोघे धावायला टपलेले, आणि समोर लॉर्कन. तो कायम वरचा मारतो, तुमच्या कारखान्याच्या काचा साक्षीला आहेत. ऑगस्टनं त्याच्या बॅटला नावं ठेवली, दातांना ठेवली, माफ करा मामा, तुमचाही उद्धार केला. पोरगा ढिम्म. पण त्या दिवशी सकाळी तो मला भेटायला खाणावळीत आला होता, आणि मी डाव्या हातानं पाव मोडत होतो. (उजवा भाजलाय अशी थाप मी मारली होती.) त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्याकडे, आणि हळूच म्हणाला, "खालचा." पंचानं पुन्हा विचारलं, कारण लॉर्कनची आवड त्यालाही माहीत. "एकदा सांगितलं ना, खालचा!" चेंडू उडाला तो सरळ वर, आणि उतरला ऑगस्टच्या वाकड्या बोटांत.

लोकांनी मला उचललं, तेही नेमकं उजव्या हाताला धरून. मी जो ओरडलो तो आनंदानं, असा सगळ्यांचा समज झाला. प्रुइटसाहेब म्हणाले, पुढच्या सालीही तूच. हंसाची चरबी चोळून खांदाही आता पार बरा आहे. तेव्हा काळजी नसावी.

तुमचा,
अ‍ॅम्ब्रोझ

ता. क. लॉर्कनला खालचा कधीच मारता आलेला नाही. हे तुम्हाला माहीत आहे, मलाही आहे, आणि त्यालाही होतं. आज जेवताना त्याच्याशी बोला.

ता. क. दुसरा. टाक चांगला आहे. हे पत्र मी डाव्या हातानं लिहिलंय, उजवा आता टेबलापर्यंतसुद्धा येत नाही. प्रुइटसाहेबांना उद्या सांगणार आहे. मामा, तुमच्या कारखान्यात डाव्या हातानं करता येईल असं काही काम असतं का?