मेनूकार्डांच्या पेटीतली गोळी

आण्णा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली आणि आज मी बीडच्या दवाखान्यात, औषधांच्या पावतीच्या कोऱ्या बाजूवर तुम्हाला लिहीत बसलोय. काचेपलीकडे माझी नात आहे. तुम्ही तिला पाहिलेली नाही. अक्षर लागलं नाही तर रागावू नका.

तुम्ही रेल्वेच्या जेवणाच्या डब्यात वाढपी होतात. सुट्टीवर पाटोद्याला यायचात तेव्हा ट्रंकेत खाऊ कमी आणि साहेब लोकांनी टेबलावर टाकून दिलेली मेनूकार्डं जास्त. एकावर झूल घातलेला हत्ती, एकावर पुलावरून धूर सोडत निघालेलं इंजिन. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही हातावर पंचा टाकून ताठ उभे, आणि वाचून दाखवताय, "आज सूप हाय, रोस्ट मटन हाय, मागून पुडिंग." आई वर न बघता म्हणते, "पिठलं हाय. गुमान बसा." एकदा मी जेवता जेवता तो हत्ती उचलला तर तुम्ही पाठीत धपाटा घातलात. "खरकट्या हातानं न्हाई धरायचं, किती डाव सांगू?" मला हा नाद बहुतेक त्या धपाट्यानंच लावला. पुढे मास्तरकी करता करता मी आगबोटींची कार्डंही जमवली, मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारांतून, हल्ली तर मोबाइलवरून मागवून. तुमचा नातू, माझा मुलगा, हसतो. "आबा, दुसऱ्यानं खाल्लेलं जेवान कावून जपून ठेवता?" नात मात्र माझ्या बाजूची. पेटी उघडली की ती हात धुऊन येते, न सांगता.

यंदा कार्डांना कसर लागली. एका आगबोटीखालचा अर्धा समुद्र किड्यांनी फस्त केला. तुम्ही कडुलिंबाचा पाला घालायचात. मला तेवढा धीर कुठला? ज्वारीच्या कोठीत टाकायची किडीची गोळी आपल्याकडे घरोघर असते. तीच मी फडक्यात बांधून पेटीत ठेवली. कोठी परसात असते, तिच्याजवळ कुणी निजत नाही, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. पेटी माझ्या खोलीत, कॉटखाली. नात दुपारी त्याच कॉटवर झोपते, ऊन येतं म्हणून खिडकी लावून. सून म्हणालीही होती, "आबा, तुमच्या खोलीत लसणावाणी वास येतोय." मी म्हणालो, "जुन्या कागदाचा हाय." मला खरंच तसं वाटलं होतं.

काल दुपारी पोर ओकतच उठली. "आबा, छातीत लई दुखतंय." जीपमधून बीडला आणेपर्यंत तिचे हात गार पडले होते. डॉक्टरांनी विचारलं, घरात कसलं औषध मारलं होतं का, आणि तेव्हा कुठे मला गोळी आठवली. लगेच सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला. "त्या गोळीतून विषारी वायू सुटतो, त्याला उतारा नसतो, आजोबा. हृदय सांभाळायचं आणि वाट बघायची." सून माझ्याकडे बघत राहिली. "आबा, कागदासाठी?" एवढंच म्हणाली आणि काचेकडे तोंड करून बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मला भीती वाटतेय, आण्णा. आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती, तुम्ही गेलात तेव्हाही नाही. आतला दरवाजा उघडला की मी उठून उभा राहतो. नर्स आमच्याकडे न बघता गेली तरी भीती, बघून गेली तरी भीती. नातीची नाडी अजून सुधारलेली नाही, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही, म्हणतात. घरी परत गेलो तर त्या खोलीत पाऊल कसं टाकू, हे मला कळत नाही.

मुलगा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोय, "आबांनी तवाच्या तवा पेटी अंगणात वढली, म्हणून विषारी वारा तरी कमी झाला." माझी बाजू सावरतोय बिचारा. मी खाली मान घालून ऐकतो. हा कागद मी थोड्या वेळानं फाडून टाकणार आहे, म्हणून तुम्हाला सांगतो. तेव्हा गोळी माझ्या ध्यानीमनीही नव्हती. पोर कॉटच्या काठावर वाकून ओकत होती, आणि कार्डं भिजतील म्हणून मी आधी पेटी ओढली, मग तिला धरलं.