घरचा दगड

ता. २ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनवर तू सगळ्याला ‘हो दादा’ म्हणतोस आणि मला मात्र तुझ्या मागे चाललेली गिऱ्हाइकाची घासाघीस ऐकू येते, म्हणून लिहायला बसलो.

तू पाठवलेला समुद्री दगड पोचला. देखणा आहे. खोक्यावर तुझ्या मोठ्या अक्षरांत ‘घरचा’ असं वाचून बरं वाटलं. वहिनी म्हणाली, आधी पाहुण्यांच्या खोलीत नाही का ठेवायचा? दुकानात नवे मासे, नवे दगड आधी वेगळे ठेवतो त्या मागच्या टाकीला ती हेच म्हणते. मी तिला सांगितलं, दगडाच्या भोकाभोकांतून नको ते जीव फुकटे प्रवासी म्हणून येतात हे मलाही ठाऊक आहे. पण ‘घरचा’ म्हणजे धाकट्याने वेगळा ठेवून तपासलेला, आपल्या दोघांचा शब्द आहे तो. दगड सरळ दर्शनी टाकीत ठेवला, आपल्या नवरा-नवरी माशांच्या जोडीशेजारी.

आता एक तक्रार. गोगलगायींचे शंख फुटलेले सापडतात. काटेरी अळ्या दिसल्या, त्या चिमट्याने काढल्या, तरी फुटतातच. आणि मधूनच टाकीतून ‘टक्’ असा आवाज येतो. तुझ्याकडे कधी ऐकलास का?

पुढच्या महिन्यात भागीदार म्हणून येतोयस. पाटीवर रंगाऱ्याने ‘आणि बंधू’ची जागा आखून ठेवली आहे.

लोभ आहेच, त्याला वेळच्या वेळी खायला घालत जा.
तुझा दादा


ता. ९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसलो. तुझे कान म्हणजे शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजणारे. दादा, पंप जुना झाला की टकटकतो. बदल त्याला. शंखांचं काम अळ्यांचंच असणार. दगड माझ्याकडे होता तोवर सगळं शांत होतं. त्यातून काही आलं असेल असं मनातही आणू नकोस.

वहिनीला सांग, मी आलो की पहिल्या दिवशी नवरा-नवरीला मीच भरवणार. पहिल्या कमाईतून आपण दोघांनी आणलेली जोडी, मानही दोघांचा. रंगाऱ्याला ‘बंधू’ जरा ठळक काढायला सांग.

असाच जीव लावत राहा.
तुझा धाकटा


ता. १६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

नवरा गेला. सकाळी दगडाशेजारी पडलेला होता, अंगावर एकच घाव.

तू सांगितलंस म्हणून पंप बंद करून टाकीसमोर बसलो. पंप गप्प आणि टक् चालूच. मग दगड उचलून रिकाम्या बादलीवर धरला आणि आत दडलेलं बाहेर पडावं म्हणून पिचकारीने एकेका भोकात बाटलीतला सोडा मारला. तिसऱ्या-चौथ्या भोकातून स्वारी खाली पडली. बोटाएवढी, हिरवट, डोळे दांड्यांवर, पुढे दोन मुठी. मँटिस झिंगा. शंख फोडतो तो मुठीने, तोच त्याचा टक्. अळ्या बिचाऱ्या मेलेलंच खात होत्या. त्यांच्यावर उगाच आळ घेतला.

बादलीत पडल्यावरही त्याने एकदा टक् केलं. हा आवाज मी आधी ऐकला होता. दगड पाठवायच्या आधी, फोनवर, तुझ्या मागे. मी विचारलं होतं, हे काय रे? तू म्हणालास, नळ गळतोय.

नळ टप् करतो, धाकट्या. टक् करत नाही.

एवढंच लिही. तुला ठाऊक होतं?
दादा


ता. २४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

ठाऊक होतं. माझ्या टाकीतल्या गोगलगायी त्याने संपवल्या, खेकडे संपवले, आणि मला काही तो सापडेना. तुला विचारलं असतं तर तू हसला असतास. वेगळा ठेवला नव्हतास ना, म्हणाला असतास. नव्हताच ठेवला. वाटलं, दादाकडे गेला की दादा पकडेलच. ‘घरचा’ न लिहिता पाठवला असता, तर तपासला का नाहीस, असं तू विचारलं असतंस.

नवऱ्यापर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं.

मी येऊ का?
धाकटा


ता. २ मार्च

चि. धाकट्यास,

हसलो असतो, हे खरं. पोट धरून हसलो असतो आणि पहिली गाडी पकडून सोडा घेऊन तुझ्या दारात उभा राहिलो असतो.

झिंगा मागच्या टाकीत आहे, मजेत आहे. त्याच्यावर माझा राग नाही. खोक्यावर त्याने काही लिहिलं नव्हतं.

नवरी अजून खात नाही. वहिनी तिच्यासमोर चमचा धरून बसते आणि माझ्याकडे बघत नाही. मीच तिला सांगितलं होतं ना, आपल्या दोघांचा शब्द आहे म्हणून. रंगाऱ्याने ‘आणि’ तेवढा रंगवला होता, तो पुसायला लावला. नुसता ‘आणि’ पाहून गिऱ्हाइकं विचारायला लागली होती, आणि काय?

येऊ का, असं तू आजवर कधी विचारलं नव्हतंस. न सांगता यायचास, माझ्या शेजारी गादी ओढायचास आणि मी बोलत असतानाच घोरायला लागायचास. ये. स्टेशनवर मी येतो.

अंथरूण या वेळी पाहुण्यांच्या खोलीत घातलं आहे.

दादा