म्हातारीचा विस्तव

२ मे १८१९
पोचलो एकदाचा! स्कॉटलंडच्या डोंगरातल्या ग्लेन ओराल जहागिरीचा नवा कारभारी, अँड्र्यू लॉरी! घर झकास आहे. जाड भिंती, गवताचं छप्पर, दारात ओढा. घरकाम बघणाऱ्या मार्सलीने ओटच्या गरम भाकऱ्या आणि लोणी पुढ्यात ठेवलं. चुलीत दलदलीतल्या मातीच्या वाळक्या ढेपा धुमसताहेत. मालकांना या खोऱ्यात मेंढ्या हव्यात, कुळं नकोत. एवढं काम नीट पार पाडलं की दक्षिणेकडची मोठी जहागीर माझ्या हातात.

८ मे
घरं सोडून कॅनडाच्या बोटीत बसायच्या नोटिसा वाटल्या. इशबेल मॅकाय नावाची एक म्हातारी तेवढी काठी टेकत पुढे आली. तिच्या चुलीतला विस्तव म्हणे पणजीच्या आधीपासून विझलेला नाही. संध्याकाळी निखाऱ्यांचे तीन ढीग करायचे, देवाचं नाव घेऊन राखेत निजवायचे, सकाळी फुंकर घालायची. मी म्हटलं, आजी, मग त्यालाही बोटीत बसवा, कॅनडा दाखवा! बरोबर आणलेल्या माझ्या माणसांची हसून मुरकुंडी वळली. ती हसली नाही.

१४ मे
खोरं मोकळं केलं. कुणी परत यायला नको म्हणून छपरं पेटवून दिली. इशबेल चुलीपाशी फतकल मारून बसली, हलेना. मग तिचाच दुधाचा हंडा उचलला आणि ओतला चुलीत. काय फुस्स आवाज झाला! जळक्या दुधाची घाण अजून कोटाला आहे. तेव्हा कुठे ती उठली. विझव बाबा, विझव म्हणाली. पण त्याला घर लागतं, माझं नाही तर तुझं. उद्धट कुठली! काम संपलं, माझी माणसं परत धाडली.

१७ मे
माझी चूल विझली. काही केल्या पेटत नाही. मार्सलीला म्हटलं, जा, शेजारून विस्तव घेऊन ये. ती म्हणाली, शेजार ठेवलाय कुठे साहेब तुम्ही? फार तोंडाळ झालीये बाई.

२० मे
गारठ्याने हाडं दुखताहेत. इशबेल किनाऱ्यावर बोटीची वाट बघता बघता थंडीने गेली म्हणे. मला काय त्याचं? म्हातारीच होती. आज भाकरीलाही जळक्या दुधाचा वास येत होता.

२१ मे
सकाळी राखेखाली विस्तव! तीन ढीग, छान निजवलेले. मार्सलीला शाबासकी द्यायला गेलो, तर ती पांढरीफटक. हे माझ्या हातचं नाही म्हणाली, शाल उचलली आणि चालू पडली. जा म्हणावं! चूल पेटली ना.

२२ मे
आज चुलीत काहीच घातलं नाही. तरी जाळ वाढतोय. ओढ्याचं पाणी ओतलं — अजून वाढला. त्या पाण्यालाही — दुधाचा —

२३ मे
छपराने पेट घेतला. दारावरचं गवत जळत खाली आलं, वाट बंद. खिडकीतून डोकंसुद्धा जात नाही. ओरडलो, ओरडलो. ऐकणार कोण — खोऱ्यात माणूस ठेवलं नाही मी —

चुलीपाशी कुणीतरी बसलंय. फतकल मारून. मांडीवर काठी.

आजी, चुकलो म्हणालो. पाया पडलो —

मार्सलीने भरून ठेवलेला दुधाचा हंडा होता. ओतला. सगळा ओतला —

ऊठ म्हणतोय तिला — हलत नाही — वाकली — फुंकर घालतेय —