चर्च चौकात घेतलेलं नाव

केप टाउन, २ डिसेंबर

माझ्या आईस, डेलीनचा मनापासून नमस्कार.

मी बरी आहे, जेवणाची आबाळ नाही. तुझा खोकला थांबला का?

काल गुलामी संपल्याचा दिवस म्हणून आम्ही शहरातून चालत गेलो. चर्च चौकात जिथं माणसं विकायचे, तिथं प्रत्येकानं पूर्वजाचं नाव घ्यायचं होतं. मैत्रीण शिरीननं खापरपणजीचं नाव खणखणीत घेतलं आणि मला म्हणाली, "तुझ्याकडे कुणाचं गं?"

आपल्याकडे नुसतं सप्टेंबर हे आडनाव, मालकानं पूर्वजाला विकत घेतल्याच्या महिन्याचं. विकल्या गेलेल्या बाईवरून मी मैत्रिणीवर जळले, आई.

मग मी म्हणाले, "कॅटरीना सप्टेंबर." तुझंच नाव.

तरी जळणं गेलं नाही. तुझ्या फ्रेडामावशीला आठवतंय तोवर तिच्या आजीचं नाव विचारून ठेव.

तुझीच,
डेलीन