कडी तुमच्या बाजूला

रविवार, दुपार

माझी ट्रंक तू न्हाणीघरात ठेवलीस. साड्या धुतल्या, उन्हात घातल्या, इस्त्री मारली, तरी साबणाचा वास जात नाही. जन्मभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली मी, पण गिऱ्हाइकाचा रुमालसुद्धा कधी ओल्या जागी ठेवला नाही. आणि सख्ख्या नातीनं आजीची ट्रंक नळाखाली सारली! लिहून टाकलं, आता बरं वाटलं.

तर भिंगरे, तुला आशीर्वाद, जावईबापूंनाही. मी घरी नीट पोचले. गुडघे कुरकुरतात, जीभ ठणठणीत आहे. एकाच गावात राहून फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला मध्येच तोडतेस. कागदावर तोडता येत नाही. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं पत्र आहे, चुका काढत बसू नकोस.

तुमची खोली छान आहे. खोटं कशाला बोलू, छान नाही, पण तुम्ही ठेवलीय छान. सायकल छताला टांगलेली, पलंगाखाली कांदे, कांद्यांना टेकून तुझे बूट. जावईबापू रात्रभर बेकरीत पाव भाजणार नि दिवसा झोपणार. तू दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवणार नि रात्री झोपणार. दोघांची गाठ पडते ती दारात, एक जोडे काढताना, एक घालताना. ते झोपलेले म्हणून चार दिवस मी कुजबुजत बोलले. मी! घरी आले तर शेजारीण म्हणाली, "अगंबाई, घसा बसला का तुझा?"

आणि एवढ्या दाटीवाटीत खिडकीजवळचा कोपरा तेवढा मोकळा. मला वाटलं, पाहुण्यांच्या सामानासाठी असेल. ठेवली ट्रंक. तर तू अशी ओरडलीस, "आजी, तिथं नको!" की जावईबापू अंथरुणात उठून बसले.

"का गं? इथं काय येणारे?"

"काही नाही."

काही नाही तर काही नाही. मी पुढं बोलले नाही. असं माझ्या हातून वर्षातून एकदा होतं.

त्याच दिवशी जेवताना तुझ्या मावशीचा फोन. तिचा ठरलेला प्रश्न, गोड बातमी कधी. तू म्हणालीस, "आम्हाला मूल नकोच आहे, मावशी. ठरलंय आमचं." मावशी गप्प. माझ्याच पोटची, पण तिला गप्प करणं मला आजवर जमलं नव्हतं. मनात म्हटलं, शाब्बास.

मग घरमालक आले. आले गळका नळ बघायला आणि बघितले दात घासायचे ब्रश. "हा तिसरा कुणाचा?"

म्हटलं, "माझा. दातही मोजून घ्या, फार नाहीत."

"तसं नाही हो आजी. पण खोली दोघांना दिलीय. तिसरं माणूस आलं की खोली खाली करायची, आधीच सांगून ठेवलंय."

तू हसून म्हणालीस, "आजी परवा जाणारे." ते माझ्याविषयी बोलत होते, भिंगरे. तू मात्र त्या कोपऱ्याकडे बघत होतीस. आणि जावईबापू तुझ्याकडे.

मी भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती, पुन्हा घासली.

आता इकडची बातमी. मी भिंत घातली.

लग्न झाल्यावर तुम्हाला म्हटलं होतं, माझ्याकडे राहा. तू म्हणालीस, "राहू, पण मध्ये भिंत घाल. तुझ्या तोंडाचा पट्टा ऐकला तर महिनाभरात आमचा घटस्फोट." सगळे खो खो हसले. तर ती घातली. पुढची खोली माझी, इस्त्रीच्या टेबलासकट. मागची मोठी खोली, स्वयंपाकघर आणि परसातलं दार तुमचं. तुमचं दार वेगळं, किल्ली वेगळी. मधलं दार विटांनी बुजवून घेतलं. गवंडी म्हणाला, "आजी, लोक भिंती फोडून दारं काढतात, तुम्ही उलटंच सांगताय." म्हटलं, तू वीट लाव.

त्यानं लावली. झकास काम. मी पुढच्या खोलीत उभी राहून त्याचं कौतुक केलं आणि म्हटलं, थांब, चहा टाकते. मग कळलं की नळ पलीकडे, शेगडी पलीकडे, साखर पलीकडे. गल्लीला वळसा घालून परसात गेलो, तर त्या दाराची कडी आतून मीच घातलेली. गवंडी हसून हसून जमिनीवर बसला. शेवटी ओल्याच भिंतीतल्या वरच्या विटा काढल्या, तो आत उतरला आणि त्यानं कडी काढली. आता मी माझ्या बाजूला नळ वेगळा घेतलाय, शेगडीही मांडलीय. ते भोक बुजवू का, असं त्यानं विचारलं. म्हटलं, राहू दे, लहानशी खिडकी कर. लाकडी झडप लावलीय. कडी तुमच्या बाजूला आहे. मला इकडून उघडता येत नाही, मी ओढून पाहिली.

भाडं घेणार मी. फुकट राहणाऱ्याला माझं सगळं ऐकून घ्यावं लागेल, भाडं देणाऱ्याला उलट बोलता येतं. बेकरी लांब पडेल हे खरं, पण सायकल आहे ना, उतरवा छतावरून. ब्रश कितीही ठेवा.

आणि मुलाचं मी काही म्हणत नाही. तुम्हाला खरंच नको असेल तर नको. कोपऱ्यात कपाट ठेवा, मासे पाळा, मी ब्र काढणार नाही, आणि मावशीलाही काढू देणार नाही. पण ते 'नको' तुम्हा दोघांचं असू दे. घरमालकाचं नको. आणि हवं असेल तर हेही ऐकून ठेव, मी पोर सांभाळणार नाही. मी तीन वाढवलीत, त्यातली तुझी आई एकटीच दोघांच्या बरोबरीची होती. खिडकीतून आवाज आला तर येऊ दे, इस्त्री करताना मला काहीतरी ऐकायला लागतंच. रेडिओ बिघडलाय.

उत्तर तू लिहायचं नाहीस. तू 'बघू गं आजी' लिहून मोकळी होशील. उत्तर जावईबापूंनी लिहायचं, झोप झाल्यावर, स्वतःच्या हातानं. आणि पहिल्याच ओळीत सांगायचं, त्या कोपऱ्यात काय येणार होतं.

तुझी,
कडी नसलेल्या बाजूची
आजी