पंपाच्या खोक्यावरचा आकडा

३ फेब्रुवारी, मंगळवार

इंजेक्टर आले! चार, प्रत्येकी मिनिटाला हजार सीसी पेट्रोल फवारणारे. ऋतुजा मॅडम शिफ्ट संपवून रोह्याहून गाडी घेऊन थेट गॅरेजवर. टर्बो मोठा लावलाय, बावीस तारखेच्या रेसला आता पाचशे घोडे हवेत म्हणे, तोवर गाडी इथेच. एवढीशी गाडी अन् घोडे पाचशे — पेणमध्ये बांधायचे कुठे, असं म्हटलं. हसल्या. दिवस सार्थकी लागला.

मग विचारलं, आहे तोच पंप पुरेल का. मी तिथल्या तिथे हिशेब करून दाखवला. चार इंजेक्टर, मिनिटाला चार लिटर, म्हणजे तासाला दोनशे चाळीस. पूर्ण उघडे कधी ठेवायचे नसतात. पंच्याऐंशी टक्के धरले तर दोनशे चार. पंपाच्या खोक्यावर छापलंय दोनशे पंचावन्न. पन्नास शिल्लक! डोळे मिटून चालवा म्हटलं. त्यांनी खोकं फिरवून चारी बाजू वाचल्या. भारावल्या असणार.

४ फेब्रुवारी

अनिता विचारते, दाढी कुणासाठी केलीस? या बहिणीने हमरापूरच्या कारखान्यात गणपतीचे डोळे रंगवावेत, माझ्या तोंडाकडे बघू नये.

८ फेब्रुवारी, रविवार

मॅडम आल्या. काम काहीच नव्हतं! पंपाचं नक्की ना, असं परत विचारलं. नक्की म्हणजे नक्की, म्हटलं. बाईमाणूस, इंजिनाची धास्ती वाटणारच. चहा मात्र दोनदा घेतला.

१५ फेब्रुवारी, रविवार

बाबांनी कासूला मिठागरावर बोलावलं, पाणी चढवायला. पंप चालू केला, पाईप बांधावरून पलीकडे टाकला — धार निम्मी! मी पंपाला शिव्या घालतोय. बाबा म्हणाले, "पंपाला कशाला बोलतोस? पाईप खाली होता तवा धो-धो होतं. वर नेलास, जोर चढण्यातच गेला. येवढं कळत नाय अन् गॅरेज चालवतोस?"

तसाच गॅरेज गाठलं. खोक्यावरचा आकडा तीन बार दाबाचा. टर्बो वरून दोन बारची हवा कोंबणार. त्या हवेच्या विरोधात पेट्रोल फवारायचं तर दाब पाच हवा. पाचला हा पंप देतो किती? पंपाचा तक्ता आज पहिल्यांदा उघडला. एकशेऐंशी! लागणार दोनशे चार. म्हणजे ऐन जोरात असताना पेट्रोल कमी पडणार, इंजिन तापून पिस्टनला भोक. अन् आत ती बसलेली. रेस पुढच्या रविवारी!

१६ फेब्रुवारी

मोठा पंप मागवला. गुपचूप बसवला तर कुणाला कळतंय? सांगितलं तर ती गाडी पुण्याच्या दुसऱ्या गॅरेजला नेणार. गाडी गेली की तीही गेली. पण नाय सांगितलं तर तिच्याकडे बघू कसा?

१८ फेब्रुवारी

पंप बसला. वायरही जाड ओढली. पाच बारला मोजून पाहिलं — तीनशे. तीनदा फोन हातात घेतला, तीनदा ठेवला. शेळपट!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

शिवजयंतीची सुट्टी, म्हणून त्या सकाळीच आल्या. सांगून टाकलं. सगळं — खोकं, तक्ता, बाबा, पाईप. म्हटलं, "मॅडम, मी चुकलो. इंजिन गेलं असतं. तुम्हालाही काही झालं असतं."

त्यांनी जुना पंप उचलून त्याच्या खोक्यात ठेवला. मग म्हणाल्या, "मी शनिवारपर्यंत थांबणार होते." कशासाठी, ते विचारलं. गाडी इथेच ठेवून रिक्षाने स्टेशनला गेल्या. आटोपलं सगळं. जेवलो नाय.

२० फेब्रुवारी

तिचा मेसेज. जसाच्या तसा उतरवतो :

"कंपनीत माझं काम काय, हे तू कधी विचारलंच नाहीस. मी पंप निवडते. कुठल्या दाबाला किती देतो, हेच दिवसभर. तीन तारखेलाच कळलं होतं. तू स्वतः सांगतोस का, तेवढंच बघायचं होतं. शनिवारी मीच गाडी उचलली असती. रविवारी रेस झाली की कासूला जाऊ. बाबांना भेटायचंय. माझी आईपण येतेय."