शिवी देल्ली का बुढा येत नाही

माय,

आज पार्सल आलं. टीव्हीला जोडायची खेळाची डबी एक, हातात धरायचे रिमोट दोन, वायर एक. तुझ्या नातीनं तिच्या पगारातून मागवलं. बावीसशे रुपये, आणि घरपोच आणून द्यायचे चाळीस वेगळे. माझ्या जमाखर्चाच्या वहीत करमणूक नावाचं खातंच नव्हतं, ते आज पाडलं. डबीत जुने शेकडो खेळ आहेत आणि त्यात आपला मारामारीचा खेळही आहे, अकोटला फुलांच्या दुकानात होता तोच. त्यातला तो लढायचा लाल पूल पडद्यावर आला आणि माझे हात आपोआप पदराला पुसले गेले. ओल्या हातानं बटणाला शिवायचं नाही, हा तुझा दंडक.

बाबा मळा पाहत, दुकान तुझं. त्या वर्षांत कापसाला कोणी भाव देईना, घरोघरी लग्नं पुढे ढकलली जात होती, आणि लग्नंच नाहीत तर हार कोण घेणार. नुसत्या देवाच्या हारांवर भागेना, म्हणून तू अकोल्याच्या एका माणसाकडून अर्ध्या वाट्यावर व्हिडिओ गेमचं मशीन आणलंस आणि शेवंतीच्या टोपल्या सरकवून त्याला जागा केलीस. मी नुकतीच मॅट्रिक झालेली. एसटी स्टँडवरून पोरं सरळ आपल्याकडे येत. त्यांची विद्या मला ऐकून ऐकून पाठ झाली. दांडा खालून पुढे अर्धा गोल फिरवून ठोशाचं बटण दाबलं की हातातून आग निघते. पहिला मार लागतो न लागतो तोच दुसरं बटण दाबलं, तर समोरच्याला सावरायला सवडच मिळत नाही. आणि अफवा तर रोज नवी. त्या पुलामागे पांढऱ्या कपड्यातला एक बुढा लपलेला आहे, एकही मार न खाता सगळ्यांना हरवलं की तो स्वतः लढायला येतो. कोणाच्या चुलतभावानं तो अमरावतीत पाहिलेला, कोणाच्या मामेभावानं वरुडला. आपल्या दुकानात पोचेपर्यंत बुढ्याच्या डोक्यावर पागोटंही चढलं होतं.

पण हरलं की पोरं शिव्या देत, आणि आपला गाळा देवळाचा. एका सकाळी देवळाचे पंच काका हार न्यायला आले आणि थंडपणे म्हणाले की आठ दिवसांत शिव्या बंद झाल्या नाहीत तर मशीनसकट गाळा खाली करा. गाळा गेला असता तर मळ्यातली फुलं नुसती वाळलीच असती. मी म्हटलं, पाटी लिहून लावू. पाटी वाचून कोण सुधारलं, म्हणालीस. आणि दुपारी हार गुंफता गुंफता सगळ्यात तोंडाळ पोराला जवळ बोलावून हळूच सांगितलंस, "कोनाले सांगू नको. शिवी देल्ली का तो बुढा येत नाही."

कोनाले सांगू नको म्हटलंस, म्हणून संध्याकाळपर्यंत सगळ्या स्टँडला कळलं. पोरं ओठ दाबून खेळायला लागली. कोणाच्या तोंडून अर्धी शिवी निघाली तरी बाकीचे त्याच्या पाठीत गुद्दा घालत. मग राग काढायला 'तुह्या वांग्याचं भरीत', 'तुह्या भाकरीले मीठ नाही' असलं काहीबाही निघालं. काकांनी ते ऐकलं आणि हसू दाबत हार घेऊन गेले.

तेवढ्यात अमरावतीचा एक कॉलेजवाला पोरगा आला. असा कोणी बुढा नाही, मावशीनं तुम्हाला येडं बनवलं, असं त्यानं पोरांना तोंडावर सांगितलं. त्याचं खरं ठरलं तर शिव्या परत, आणि शिव्या परत तर गाळा गेला. त्यानं मुद्दाम एक सणसणीत शिवी हासडली आणि एकही मार न खाता ओळीनं सगळ्यांना लोळवलं. बुढा आला नाही. तू दोऱ्याला गाठ मारत म्हणालीस, "मंग? म्या काय म्हणलं होतं?"

त्यानं दांडा सोडला. मग म्हणाला, आता तुमची पोरगी खेळन, शिवी न देता, मंग पाहू. तू माझ्याकडे पाहिलंस. दुपारी दुकान रिकामं असताना मी खेळते, हे तुला ठाऊक होतं तर. मी उभी राहते, दांडा धरते. पोरं टोपल्यांवर चढून पाहताहेत. एकेक पडत जातो, मला मार लागत नाही, तोंडातून ब्र नाही. शेवटचाही पडतो. बुढा नाही. सगळे तुझ्याकडे वळतात आणि तू मान वर न करता म्हणतेस, "मनात देल्ली असंन तिनं."

माझे कान लाल झाले, कारण शेवटच्या गड्याला मी मनात खरोखरच दिली होती. माझं तोंड पाहून सगळं दुकान हसलं. अमरावतीवालाही हसला. "मावशी, तुमच्यासंगं कोनी जिंकत नाही," म्हणाला आणि देवाला म्हणून एक हार घेऊन गेला. गाळा राहिला.

घरी जाताना मी तुला विचारलं की खोटं बोलू नये हे तूच शिकवलंस ना. तू म्हणालीस, "म्या आहे म्हणलं का? म्या येत नाही म्हणलं. आन् आला का तो?"

आज लेक सांगत होती की लोकांनी तो खेळ आतून उघडून पाहिलाय म्हणे. त्यात दडवलेला एक जास्तीचा पोशाख निघाला, करणाऱ्यांच्याही ध्यानात न आलेल्या दोन-तीन चाली निघाल्या, पण बुढा कुठेच नाही. "आई, म्हणजे आजीनं अख्ख्या अकोटला थाप मारली," म्हणाली. लाडानंच म्हणाली. पण तुझं नाव आणि थाप एका वाक्यात मला ऐकवलं नाही. जपाची माळ हातात असताना मी म्हटलं, "थाप काहून? तुझ्या आजीनं पाहिला होता त्याला." ती खेळ थांबवून पाहतच राहिली. कधी, म्हणाली. मी उठून कुकर लावायला गेले.

तू कधी खोटं बोलली नाहीस. हे खोटं मात्र सगळं माझं आहे. तू गेलीस, हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला कळतं, पण लेक चौकस आहे, जेवताना पुन्हा विचारणारच. तेव्हा तू त्याला कधी पाहिलंस, दुकान उघडताना का दिवेलागणीला, ते उलट टपाली कळव, म्हणजे आपलं दोघींचं सांगणं एक राहील.